मधला बुधवार

७ एप्रिल, सोमवार

"गिऱ्हाइकाला गुरुवार सांगायचा, आपण मंगळवार धरायचा, आणि मधला बुधवार कुणाला दाखवायचा नाही."

आई हे म्हणाली तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. ती शिलाईच्या मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या, त्यामुळे वाक्य तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. एका बाईच्या मुलीचा फ्रॉक शिवून, इस्त्री करून तयार होता, तरी आईने तिला "गुरुवारी या" म्हणून परत पाठवलं होतं. मी म्हटलं, तू खोटं बोललीस. त्यावरचं हे उत्तर.

पस्तीस वर्षांनी आज मी तेच केलं. वही नवी आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

हॉस्पिटलचं काम आमच्या गळ्यात पडून आठ महिने झाले. त्यांची संगणक यंत्रणा एकोणीस वर्षांपूर्वीची आणि तिच्यात एक लाख ऐंशी हजार रुग्णांच्या नोंदी. त्या उचलून आमच्या नव्या यंत्रणेत आणायच्या आणि एक जूनला, रविवारी, जुनी बंद करून नवी सुरू करायची. माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. याआधीची माझी दोन कामं उशिरा संपली. साहेब मोठ्या मायेने म्हणाले, "मॅडम, हेही पुढे गेलं तर तुम्हाला आपण जरा विश्रांती देऊ." विश्रांती म्हणजे काय ते सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. खिडकीजवळच्या टेबलावर एक जण दीड वर्ष विश्रांती घेतोय.

आज कामाचा तक्ता पूर्ण केला. तक्त्यात 'राखीव दिवस' असं लिहिलं की साहेब ती ओळ सगळ्यात आधी उडवतात. म्हणून मी एक भारदस्त ओळ घातली: 'जुन्या नोंदींची नमुना पडताळणी, बारा दिवस.' उडवताना कुणाचाही हात अडखळेल अशी. प्रत्यक्षात ते काम करायची गरज नाही, नोंदी उचलणारा प्रोग्राम स्वतःच त्या तपासतो. पण शेवटचं टेस्टिंग या ओळीनंतरच सुरू होतं. म्हणजे ज्याला कुणाला उशीर होईल, त्याला हे बारा दिवस. हा माझा बुधवार.

ओळीपुढे कुणाचं तरी नाव लागतं म्हणून काकूंचं घातलं. काकू टेस्टिंगच्या. बावन्न वर्षांच्या. बाकीचे सगळे पंचविशी-तिशीतले, त्यांनी 'काकू' म्हणायला सुरुवात केली आणि आता मीही म्हणते. पूर्वी कुठल्याशा कारखान्यात माल तपासायच्या, मग हे शिकल्या. कमी बोलतात, तक्रार करत नाहीत.

ओळ नुसती नावाची आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं. उद्या सांगते.


१० एप्रिल, गुरुवार

दाढीचे दोन दिवस म्हणजे पाच. दाढी हा माझा सगळ्यात हुशार प्रोग्रामर, नोंदी उचलायचा प्रोग्राम त्याचाच. त्याच्या तोंडी 'फक्त' आला की मी कॅलेंडर बघते. "झालंच आहे मॅडम, फक्त जोडायचं राहिलंय." जोडायचं राहिलंय म्हणजे घर बांधून झालं, फक्त छप्पर नि भिंती राहिल्या.

खोटं बोलत नाहीत ही मुलं. त्यांना खरंच वाटतं की दोन दिवसांत होईल. मलाही त्यांच्या वयात वाटायचं. आता मी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकापुढे एक आकडा लिहून ठेवलाय, त्याने गुणायचं. दाढी अडीच. रिपोर्टांवर काम करणारी मुलगी दोन. काकू एक. काकूंनी चार दिवस म्हटलं की चौथ्या दिवशी चार वाजता काम माझ्यापुढे असतं. त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष द्यायची वेळच येत नाही.


१६ एप्रिल, बुधवार

सकाळची मीटिंग आम्ही उभ्यानेच करतो. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का. बसलं की लांबते म्हणून उभं राहायचं. माझ्या टाचा दुखतात, पण पद्धत मीच पाडलेली.

काकूंची पाळी आली. "नोंदी वाचतेय."

दाढी म्हणाला, "काकू, शेवटी खुनी कोण निघतो ते आत्ताच सांगू नका हं."

सगळे हसले. काकूही हसल्या. "अजून 'क'वरच आहे रे मी."

मीही हसले. उभ्या मीटिंगमध्ये काहीतरी बोलावं लागतं, नाहीतर माणूस रिकामा दिसतो. काकूंनी निदान पटणारं काहीतरी शोधलं.

संध्याकाळी घरी फोन केला, अर्ध्या तासात निघते. निघायला दोन तास लागले. पोचले तर लेक माझं ताट वाढतच होती, सगळं वाफाळतं. एवढा उशीर होऊनही गरम कसं, कोण जाणे. या बापलेकींना बरोबर जमतं.


२२ एप्रिल, मंगळवार

दाढीचं काम अकरा तारखेला संपायचं होतं, ते आज संपलं. सात दिवस बुधवारातून गेले. वर कुणाला पत्ता नाही, तक्ता हिरवा. आई हुशार बाई.

दाढी खूश होता. जुन्या नोंदींतला कचरा त्याच्या प्रोग्रामने आपोआप काढून टाकलाय म्हणे. "आधीच्या लोकांनी पत्त्यांत काय वाट्टेल ते भरून ठेवलं होतं मॅडम. जे पत्त्यांच्या आपल्या यादीत बसलं नाही ते उडवलं. आता आरशासारखं स्वच्छ." मी त्याची पाठ थोपटली. उशिराबद्दल बोलायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.


२६ एप्रिल, शनिवार

लेकीच्या शाळेत वादविवादाची अंतिम फेरी. तिने मला दहा दिवस आधीपासून बजावलं होतं, "आई, पाच वाजता. पाच." आमंत्रणपत्रिका फ्रिजवर लावलेली, तिचा खालचा भाग का कोण जाणे दुमडलेला. मी चारलाच निघायचं ठरवलं होतं. साडेचारला रिपोर्टवाल्या मुलीचा फोन आला, तिचे वडील पडले, ती पाच दिवस येणार नाही. तिची समजूत घालून, तिचं काम कुणाला द्यायचं ते ठरवून निघेपर्यंत पाच वाजून गेले. रस्त्यात मी जवळजवळ रडले.

पोचले तेव्हा सहाला दहा कमी. धावत आत गेले तर शिपाई अजून खुर्च्या मांडतोय, माइकवाला तारा सोडवतोय. नवरा दुसऱ्या रांगेत पेपर वाचत होता. मी म्हटलं, "सुरूच नाही झालं?" तो म्हणाला, "होईल आता." सहाच्या ठोक्याला सुरू झालं. नशीब माझं, तिथेही सगळा उशीरच.

लेक छान बोलली. पहिली नाही आली, दुसरी आली. उतरून थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "पहिल्या वाक्यापासून होतीस ना?" होते की, म्हटलं. तिने बाबाकडे बघितलं आणि दोघं हसले. मला फार बरं वाटलं. पोर समजूतदार झालीय, हल्ली 'कधी येशील' म्हणून फोनही करत नाही.


२९ एप्रिल, मंगळवार

उरलेले पाच दिवस रिपोर्टांत गेले. बुधवार संपला. उद्यापासून शेवटचं टेस्टिंग, बरोबर तारखेला. साहेबांनी तक्ता पाहून नुसती मान हलवली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

एकशे चौदा मेल न वाचलेल्या. त्यांत काकूंची एक: 'जुन्या नोंदींची पडताळणी, अहवाल.' चार वाजून दोन मिनिटांनी आलेली. म्हणजे नुसत्या नावाच्या ओळीचाही कागद त्यांनी वेळेवर पूर्ण केला. तीन ओळी असतील. सोमवारी बघते.


१० मे, शनिवार

चष्म्याची काच बदलायला टाकली होती. दुकानदार म्हणाला होता, शनिवारी देतो. मी मनात मंगळवार धरला. आज सकाळी त्याचा फोन, तयार आहे. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी चुकीच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

बाकी काही नाही. थकले आहे.


१३ मे, मंगळवार

काकू टेबलाशी आल्या. "मॅडम, दहा मिनिटं आहेत?"

नव्हती, पण बसा म्हटलं.

"माझ्या अहवालाचं पुढे काय झालं, विचारायला आले. दोन आठवडे टेस्टिंग चाललंय आणि पत्त्याचं अजून तसंच दिसतंय. म्हटलं, कदाचित ठरवूनच ठेवलं असेल."

कुठला अहवाल, असं माझ्या तोंडून गेलं.

काकू उठल्या, आपल्या टेबलावरून एक जाड वही आणली, मधे खुणेच्या पट्ट्या लावलेली. बारा दिवसांत त्यांनी तीन हजार शंभर नोंदी वाचल्या होत्या. नमुना म्हणजे त्यांच्या लेखी प्रत्येक अक्षरातून, प्रत्येक वर्षातून थोड्या थोड्या. जुन्या यंत्रणेत पत्त्याला दोन ओळी आहेत. पहिलीत पत्ता. दुसरीत बऱ्याचदा 'बागेमागे' किंवा 'दुसरा मजला'. पण दोनशे बारा नोंदींच्या दुसऱ्या ओळीत पत्ता नव्हता. काकू एकेक वाचू लागल्या, हळू, शाळेत धडा वाचतात तशा.

"'पेनिसिलिन नको.' 'सल्फाने अंगावर गांधी उठतात.' 'भूल देताना जपून, मागच्या वेळी श्वास अडकला होता.' 'पेनि. नको नको.' दोनदा लिहिलंय. 'डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला.'"

एकोणीस वर्षं सिस्टर लोक तिथे हे लिहीत आलेत. ऍलर्जीसाठी वेगळा रकाना आहे, पण तो तिसऱ्या पडद्यावर, कुणी उघडत नाही. पत्ता मात्र प्रत्येक केसपेपरच्या डोक्यावर छापून येतो. मग सावधगिरी पत्त्यात.

आणि दुसऱ्या ओळीतलं जे यादीत बसत नाही, ते आमचा प्रोग्राम कचरा म्हणून उडवतो. आरशासारखं स्वच्छ.

मी हिशोब केला. दोनशे बारा हे तीन हजार शंभरांत. एक लाख ऐंशी हजारांत बारा हजारांच्या वर. बारा हजार माणसं एक जूनला नव्या यंत्रणेत येतील आणि त्यांना काय चालत नाही ते कुणालाच दिसणार नाही.

आणि त्यावर मी काय बोलले? लिहायलाही लाज वाटते. मी म्हटलं, "काकू, ते काम तुम्ही खरंच केलंत?"

काकूंनी चष्मा काढून पुसला. "तक्त्यात होतं की," म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी ती मेल उघडली. अकरा पानं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: 'तातडीचे.' दोन आठवडे ती तिथे पडून होती.


१४ मे, बुधवार

दाढीला सकाळी सांगितलं. तो खुर्चीत बसला, जुन्या यंत्रणेत एक नाव शोधलं. त्याची आई त्या हॉस्पिटलात जाते, मला माहीत नव्हतं. दुसऱ्या ओळीत होतं, 'गच्चीवरची खोली'. त्याने श्वास सोडला आणि मग लगेच मान खाली घातली, सुटकेचीच शरम वाटल्यासारखी.

"मॅडम, दोन दिवसांत करतो. सगळ्यांच्या दुसऱ्या ओळी सरसकट उचलून 'टीप' म्हणून दाखवतो. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त मग 'बागेमागे'ही टीप म्हणून येणार. एक्केचाळीस हजार ओळी आहेत."

काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "वीस वेळा 'बागेमागे' वाचलेला डॉक्टर एकविसावी टीप वाचेल का रे?"

दुपारी काकूंना घेऊन हॉस्पिटलात गेले. तळमजल्यावर नोंदींची खोली, फायलींचे लोखंडी घोडे, पंख्याखाली फडफडणारे केसपेपर. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या मुख्य परिचारिका, तीस वर्षांची नोकरी. मी विचारलं, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?

"तुमचा माणूस आला होता गेल्या वर्षी," त्या म्हणाल्या. "ऍलर्जीचा रकाना कुठे आहे, विचारलं. आम्ही दाखवला. तुम्ही तो वापरता का, असं काही त्याने विचारलं नाही."

तो माणूस म्हणजे मी होते. त्यांना आठवलं नाही, किंवा त्यांनी आठवू दिलं नाही.

"पेनि. नको नको, असं दोनदा का लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

"एकदा लिहून भागलं नव्हतं म्हणून." सिस्टर केसपेपर सारखे करू लागल्या.

काकूंनी नि सिस्टरांनी मिळून अंदाज केला. उघड पत्ते मशीनने वेगळे काढता येतील. उरलेलं माणसानेच वाचायला हवं, आणि प्रत्येक ओळ दोघांनी. सिस्टरांची संक्षिप्त अक्षरं सिस्टरच ओळखणार. चार सिस्टर, काकू, आमचे दोघं. सहा आठवडे. मी सवयीने काकूंच्या सहाला एकाने गुणलं. सहाच आले.

परत येताना काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या सासरी एक खोली कायम बंद असायची. पाहुण्यांसाठी म्हणून. पाहुणे काही यायचे नाहीत. मी गुपचूप तिथे जाऊन वाचत बसायचे. सासूबाईंना माहीत होतं, पण त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मीही नाही."

मी म्हटलं, छान होती का खोली? त्या म्हणाल्या, "उजेड चांगला होता." हे मधेच त्यांना का आठवलं कळलं नाही. दमल्या असतील.


१६ मे, शुक्रवार

साहेबांसमोर गेले. कागद पुढे ठेवले, सगळं सांगितलं. सगळं म्हणजे हॉस्पिटलचं. माझं नाही.

त्यांनी काकूंची पहिली दोन पानं वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे बरं झालं तुम्ही ही पडताळणी तक्त्यात ठेवलीत. मी तर ती ओळ उडवणार होतो. दूरदृष्टी म्हणतात ती हीच."

मी गप्प राहिले. तेवढा वेळ पुरेसा होता, 'नाही साहेब' म्हणायला. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. आत एक निळा बुडबुडा आहे त्याच्या.

मग म्हटलं, सहा आठवडे लागतील.

"तारीख हलणार नाही. जुनी यंत्रणा एक तारखेला बंद होतेय. त्यांची माणसं ठरलीत, खोल्या ठरल्यात. एक तारखेला सुरू करू, हे मागाहून करत बसा."

"मागाहून म्हणजे तोवर ज्यांना इंजेक्शन दिलं जाईल ते..."

"मॅडम." ते हसले, वाईट नाही, ओळखीचं हसले. "तुम्ही सहा म्हणालात म्हणजे चार. चारचे रेटून तीन होतात. आणि तुमच्याकडे कुठेतरी आठ-दहा दिवस असणारच. असतातच तुमच्याकडे. म्हणून तर मी तुमचा तक्ता नेहमी थोडा कापतो. आजवर कधी बोललो का?"

मी म्हटलं, या वेळी नाहीयेत.

"असं दर वेळी म्हणता."

खरंय. दर वेळी म्हणते.

बाहेर आले तर खिडकीजवळचा तो विश्रांतीवाला पेन्सिलीला टोक करत होता. माझ्याकडे बघून त्याने शेजारच्या खुर्चीवरची फाइल उचलून बाजूला ठेवली. सहजच केलं असेल.


१८ मे, रविवार

आईकडे गेले. डोळ्यांमुळे तिने शिवण सोडून सहा वर्षं झाली, पण मशीनवरचं कापड अजून रोज झटकते. मी तिला तो बुधवार आठवतो का, विचारलं.

"न आठवायला काय झालं."

"कधी अंगाशी आला का गं तो?"

तिने जरा विचार केला. "एकदा. मला ताप भरला होता. एक बाई आल्या, मुलाचा समारंभ होता त्यांच्याकडे. मी म्हटलं, बाई, गुरुवारच्या आत नाही व्हायचं. त्या म्हणाल्या, चालेल, मंगळवारी येते. म्हटलं, अहो, गुरुवार म्हणतेय मी. तर म्हणतात कशा, तुमचा गुरुवार म्हणजे मंगळवार, सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"सगळ्या गल्लीला?"

"मग. मलाच तेवढं ठाऊक नव्हतं की त्यांना ठाऊक आहे."

"मग काय केलंस?"

"शिवलं. मंगळवारी दिलं. बाही उलटी लागली होती."

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "कपडाच होता गं. उसवून पुन्हा लावली." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी तिला कामाचं काहीच सांगितलं नव्हतं.

निघताना घरी फोन केला, तासाभरात पोचते. मागून लेकीचा आवाज आला, "अडीच." नवरा म्हणाला, "दोन." काहीतरी खेळत असतील.


१९ मे, सोमवार

उभी मीटिंग. काकू म्हणाल्या, "नोंदी वाचतेय." कुणी हसलं नाही.

कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी पुन्हा सुरू केलंय. दाढी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो. त्या वाचतात, तो खूण करतो. मी दाढीला विचारलं, एक तारखेपर्यंत किती होतील? तो थांबला. मग म्हणाला, "माहीत नाही मॅडम. मोजून सांगतो." चार वर्षांत मी त्याच्याकडून हे पहिल्यांदा ऐकलं. दुपारी मोजून आला. फार तर एक चतुर्थांश. त्या आकड्याला मी कशानेच गुणलं नाही.

म्हणजे तीन चतुर्थांश माणसं राहतात. नऊ हजार. आकडा म्हणून बघितलं तर काही वाटत नाही. 'उजवीकडून बोला' आठवलं की वाटतं.


२१ मे, बुधवार

साहेबांना पत्र लिहिलं, हॉस्पिटलच्या अधीक्षकांना आणि मोठ्या सिस्टरांना प्रत. तीनदा खोडलं. आधी लिहिताना आठ आठवडे लिहिले होते. म्हटलं, आठ मागितले तर कापून सहा देतील. हात आपोआप आठकडेच गेला, जिना उतरताना हात कठड्याकडे जातो तसा. मग खोडून सहा केले.

साहेब नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. ते सहाचे चार वाचतील, चारचे तीन, आणि तीनसाठी कुणी तारीख हलवत नसतं. आणि पत्रातलं माझ्याबद्दलचं वाचून माझी विश्रांती तर पक्कीच. खिडकीजवळ उजेड चांगला आहे, तेवढं एक.

काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझं नाव दोनदा आलंय. एकदा पुरे." एकदाच ठेवलं. मग म्हणाल्या, "पाठवा." मी म्हटलं, उद्या सकाळी पाठवते, रात्रभर जरा विचार करते. काकू तिथेच उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. मी पाठवलं. चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मी काही वेगळंच लिहिलं होतं असं मला वाटायला नको.

'साहेब,

तक्त्यातली पडताळणीची ओळ मी काम म्हणून घातली नव्हती. ते मी लपवलेले दिवस होते आणि ते दुसऱ्यांच्या उशिरात संपले. ते काम काकूंनी मनापासून केलं, म्हणून ही चूक सापडली. त्यांचा अहवाल एकोणतीस एप्रिललाच माझ्याकडे आला होता. मी तो तेरा मेपर्यंत उघडला नाही. ते चौदा दिवस माझ्यामुळे गेले. शुक्रवारी तुम्ही माझी दूरदृष्टी म्हणालात तेव्हा मी गप्प बसले, तेही चुकलंच.

एक जूनला जुनी यंत्रणा बंद करू नये. बारा हजारांवर रुग्णांना काय चालत नाही, हे फक्त तिच्यात लिहिलेलं आहे. ते माणसांनी वाचून नव्या जागी ठेवायला चार सिस्टर आणि सहा आठवडे हवेत. आजवर मी तुमच्याकडे जे जे दिवस मागितले त्यांत काही लपवलेले होते. तुम्ही ते ओळखून कापत होतात, तुमचंही चुकलं नाही. या सहांत एकही नाही. यातले दोन कापलेत तर चार हजार माणसं वाचायची राहतील.

मला या कामावर ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. एवढीच विनंती आहे: या वेळी माझे सहा आठवडे म्हणजे सहाच, असं एकदा धरून बघा.'